कढईतली कॉफी : प्रस्तावना

कॉफी घरच्या घरी कशी भाजावी हे सांगणारी पुस्तिका मंगरूळपीरहून निघते आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला : तिथं कॉफी पितं कोण? प्रश्न रास्त आहे. आमचं गाव चहाचं. बाजार समितीत सोयाबीनचा काटा होईस्तोवर दोन कट होतात, तहसीलमध्ये साहेबांची वाट पाहताना तिसरा. कॉफी भेटते ती लग्नाच्या मांडवात. फुसफुसणाऱ्या यंत्रातून निघालेलं, वर कोकोची पूड भुरभुरलेलं ते गोड दूध. त्याला सगळे बिनदिक्कत 'एस्प्रेसो' म्हणतात. नाहीतर घरी एखादा पाहुणा 'चहा सोडला' असं जाहीर करतो आणि मग कपाटाच्या मागच्या रांगेतून इन्स्टंटची बरणी निघते. तिच्यातली पूड पावसाळ्यात दगड झालेली असते, चमच्यानं खरवडावी लागते. जुन्या घरांमधून जायफळ उगाळून घातलेली दुधातली कॉफी अजून होते. तिची गोडी मला नाकारायची नाही, पण तिच्यात जायफळ बोलतं, कॉफी गप्प असते.

तरीही ही पुस्तिका इथून निघावी, असं मला वाटतं. याचं पहिलं कारण आमच्या स्वयंपाकघरात आहे. वऱ्हाडातली बाई भाजण्याच्या कामात कुणाला हार जायची नाही. येसराचे गहू, हरभऱ्याची डाळ आणि धणे एका कढईत पण एका वेळी भाजायचे नसतात, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. तीळ तडतडायला लागले की गॅस बंद करायचा आणि लगेच ताटात काढायचे, कारण तापलेली कढई गॅस बंद झाल्यावरही आपलं काम करत राहते, हेही तिला ठाऊक असतं. शेंगदाणे भाजून, चोळून, सुपात पाखडून साल उडवायची. कॉफी भाजायला जी कसबं लागतात ती एवढीच आहेत : घाणा लहान घ्यायचा, हात थांबवायचा नाही, नाक उघडं ठेवायचं, कान द्यायचा, क्षणभर आधी उतरवायचं आणि पाखडायचं. ज्या घरात दिवाळीच्या चकलीची भाजणी अजून घरीच होते, त्या घराला कॉफी भाजण्याचं निम्मं शिक्षण आधीच झालेलं आहे. उरलेलं निम्मं म्हणजे त्या दाण्याची ओळख. ती करून देणं हे या पुस्तिकेचं काम.

दुसरं कारण इतिहासातलं आहे आणि ते सांगताना मला दरवेळी मौज वाटते. कॉफी भारतात कशी आली याची जी कथा सर्वत्र सांगितली जाते, तिचे नायक बाबा बुदान. साधारण १६७० च्या सुमारास हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून त्यांनी कॉफीचे सात दाणे लपवून आणले आणि कर्नाटकात चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावले. अरब व्यापारी तेव्हा उगवण्याजोगं बी बाहेर जाऊ देत नसत. दाणे भाजून किंवा उकळूनच जहाजावर चढत, असं सांगतात. म्हणजे भारतातल्या कॉफीची सुरुवातच न भाजलेल्या दाण्यापासून झाली. सात हा आकडा खरा की श्रद्धेचा, यावर भांडण्यात अर्थ नाही. तो डोंगर आजही बाबाबुदनगिरी म्हणून ओळखला जातो आणि तिथल्या गुहेत दत्तात्रेयाचं पीठ आणि दर्गा एकाच ठिकाणी आहेत. त्या जागेवरून कोर्टकज्जे झाले, राजकारण झालं. तो विषय वेगळा. मला सांगायचं आहे ते असं की त्या गुहेशी जोडलेलं सूफी नाव दादा हयात कलंदर यांचं आहे. आणि आमच्या मंगरूळपीरचा दर्गा कुणाचा? दादा हयात कलंदर यांचाच. दोन्हीकडचे कलंदर एकच, असा दावा मी करत नाही. संतांची नावं आणि त्यांच्या जागा यांचा हिशेब इतका सरळ नसतो. पण तिकडे दत्त आणि कलंदर शेजारी आहेत, आणि इकडे मंगरूळपीरला कलंदर आहेत तर शेजारच्या कारंजा लाडला दत्तावतार मानलेल्या नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. ज्या डोंगरावर भारतातली कॉफी रुजली, त्याची दोन्ही दैवतं आमच्या वाशिम जिल्ह्यात नांदतात. मग कॉफी तेवढी परकी का?

ती परकी राहिली याची कारणं धार्मिक नाहीत, भौगोलिकही नाहीत. पुष्कळशी सरकारी आहेत. १९४२ च्या कायद्यानं कॉफी बोर्ड आलं आणि मळेवाल्यानं आपला सगळा माल बोर्डाच्या एका सामायिक साठ्यात द्यायचा, बोर्डानं तो लिलावानं विकायचा, अशी पद्धत पडली. लढाईच्या काळात निर्यात तुटली होती, मळे बुडत होते, तेव्हा त्या व्यवस्थेनं त्यांना तारलं हे खरं. पण लढाई संपल्यावरही ती पन्नास वर्षं टिकली. कापूस एकाधिकार पाहिलेल्या विदर्भाच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९९० नंतर ती टप्प्याटप्प्यानं सैल झाली आणि १९९६ पर्यंत मळेवाल्याला आपला सगळा माल आपल्या मर्जीनं विकायची मोकळीक मिळाली. म्हणजे एखाद्या घरानं थेट मळ्यातून पाच किलो कच्ची कॉफी मागवावी, हा व्यवहार सरळपणे शक्य झाला तो अगदी अलीकडे. भारतात वर्षाला सुमारे साडेतीन लाख टन कॉफी पिकते. तिचा मोठा भाग, ढोबळमानानं सत्तर टक्के, बाहेर जातो. जातो तो मुख्यतः कच्चा दाणा. तो तिकडे भाजला जातो, आणि आपल्या वाट्याला बरणीतली पूड येते.

त्या पुडीबद्दल एक गोष्ट वाचकानं पाकिटाच्या मागच्या बाजूला स्वतः वाचावी. 'कॉफी-चिकोरी मिश्रण' असं लिहिलेलं असेल तर खाली टक्केवारी असते. कायद्यानं अशा मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. ती विष नाही, दाक्षिणात्य फिल्टर कॉफीला तिचा दाटपणा मुद्दाम हवा असतो. पण निम्म्या मुळाला कॉफी समजून 'मला कॉफी आवडत नाही' असं म्हणणाऱ्या माणसानं आधी कॉफी पिऊन पाहावी, एवढंच माझं म्हणणं. आपल्याकडे बांधाबांधावर उगवणाऱ्या तरोट्याच्या बिया भाजून, दळून कॉफीसारखं पेय करतात, तेही मी प्यालो आहे. कडू आणि खमंग लागतं, कॉफी मात्र लागत नाही.

घरी भाजणं ही काही नवी फॅशन नाही. इथिओपियात, म्हणजे कॉफीच्या माहेरी, पाहुण्यासमोर कच्चे दाणे धुऊन तव्यावर भाजतात, धुराचा वास पाहुण्याच्या नाकापाशी नेतात आणि मग कुटून उकळतात. तामिळ आणि म्हैसूरकडच्या घरांतून शेगडीवर फिरवायचा दांड्याचा डबा असे. सकाळच्या कॉफीचे दाणे घरी भाजलेले आणि घरीच दळलेले. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गृहिणी किराणा दुकानातून हिरवे दाणे आणून चुलीवर भाजत. पुढे जॉन आरबकल यांनी भाजलेले दाणे कागदी पुड्यांत विकायला सुरुवात केली आणि १८६८ मध्ये भाजलेल्या दाण्याला अंडं-साखरेचा लेप देऊन त्याची चव धरून ठेवायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. लोकांना सोय आवडली, चुलीवरची कॉफी गेली. शंभर वर्षांनी तिथल्याच काही चोखंदळ माणसांनी मक्याच्या लाह्या फोडायच्या विजेच्या यंत्रात कच्ची कॉफी टाकून पाहिली आणि हा छंद पुन्हा उभा राहिला. आज घरगुती यंत्रं निघाली आहेत, त्यांच्या किमती हजारांत, कधी लाखातही जातात. या पुस्तिकेत त्यांच्यावर एकच छोटं प्रकरण आहे. ज्याच्याजवळ लोखंडी कढई आहे, त्यानं निदान पहिलं वर्ष त्या प्रकरणाकडे वळू नये.

आता प्रत्यक्ष कढईकडे. पद्धत पुढे सविस्तर येणारच आहे, पण या छंदाचा जीव कशात आहे ते इथंच सांगितलं पाहिजे.

कच्चा दाणा हिरवट-करडा असतो, टणक, दाताला न फुटणारा. त्याला कॉफीचा वास मुळीच नसतो. वाळल्या गवताचा असतो. त्यात दहा ते बारा टक्के पाणी असतं. जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर मूठ-दोन मूठ, फार तर दीडशे ग्रॅम दाणे टाकावेत आणि लाकडी सराट्यानं हलवायला लागावं. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही, आणि नवखा माणूस इथंच आच वाढवतो. वाढवू नये, आत पाणी निघतं आहे. वास कडब्याच्या गंजीसारखा येतो, मग दाणा पिवळा पडतो. पिवळ्यावरून बदामी व्हायला लागला की वास भाजल्या पोळीकडे वळतो आणि दाण्यावरचा पातळ पापुद्रा सुटून कढईभर उडायला लागतो. पंखा लावलेला असेल तर तो घरभर जातो, त्यामुळे घरच्यांशी संबंध चांगले ठेवायचे असतील तर गच्चीवर किंवा अंगणात बसावं. मग सातव्या-आठव्या मिनिटापासून कान द्यायचा. दाण्याच्या आत कोंडलेली वाफ आणि वायू शेवटी त्याची घडण फोडून बाहेर येतात आणि 'टक्' असा स्वच्छ, कोरडा आवाज होतो. एक, मग दोन, मग सगळीकडून. ही पहिली तडतड. या वेळी दाण्याचं तापमान साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास असतं. तुमच्याजवळ तापमापी नसली तरी दाणा स्वतः ते सांगतो.

इथपासून पुढचं प्रत्येक अर्धं मिनिट चव बदलतं, आणि हाच या छंदाचा खरा प्रांत आहे. पहिली तडतड ओसरताच उतरवलं तर दाणा फिकट तपकिरी राहतो, चवीत आंबटपणा असतो, फळाची आठवण येते, आणि दाणा मुळात कुठला हे कपात कळतं. दीड-दोन मिनिटं आणखी थांबलं तर आंबटपणा मावळतो, भाजल्या साखरेची गोडी वर येते. आणखी पुढे गेलं की दुसरी तडतड सुरू होते. तिचा आवाज बारीक आणि भरभर, तीळ उडावेत तसा. दाण्यावर तेल येतं, धूर निळा होतो, आणि आता कपात मळ्यापेक्षा आगच जास्त लागते. दुधात घालायची असेल तर काहींना हाच टप्पा आवडतो, त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यापुढे मात्र कोळसा. गच्चीपलीकडून 'काय करपून राह्यलं हो?' अशी हाक आली तर समजावं की उशीर झाला.

उतरवणं म्हणजे गॅस बंद करणं नव्हे. दाणे ताबडतोब मोठ्या चाळणीत ओतून टेबलफॅनसमोर हलवत हलवत दोन-तीन मिनिटांत हाताला लागण्याइतके गार झाले पाहिजेत. नाहीतर पोटातल्या उष्णतेनं ते भाजतच राहतात. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो तेव्हा दुपारी हा उद्योग करू नये. पंख्याची हवाच गरम असते. पहाटे करावा. मग सुपात पाखडावं. शंभर ग्रॅम कच्च्याचे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम होतात, पण दाणा फुगून जवळपास दीडपट-दुप्पट दिसतो, त्यामुळे नुकसान डोळ्यांना जाणवत नाही.

त्या क्षणी दळून प्यायचा मोह होतो. पिऊन पाहावी, ज्ञानात भर पडते. पण ताज्या दाण्यात कर्बवायू इतका भरलेला असतो की उकळतं पाणी ओतताच नुसता फेस होतो आणि चव सपाट लागते. एक दिवस थांबलं तर बरी, तीन-चार दिवसांनी सर्वात उत्तम, आणि दोन-तीन आठवड्यांनी उताराला लागलेली. दळल्यावर तर तिचं आयुष्य तासांत मोजायचं. उलट कच्चा दाणा कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सहा महिने ते वर्षभर चांगला राहतो. आमच्यासारख्या गावाला हा छंद का शोभतो, ते या दोन आकड्यांत आहे. पुण्या-बंगळुरूच्या माणसाला ताजी भाजलेली कॉफी चौकात मिळते. आम्हाला कुरिअरनं येईस्तोवर तिचे चांगले दिवस रस्त्यात जातात. आम्ही ज्वारी, तूर, हळद वर्षाची भरून ठेवणारी माणसं. कच्च्या कॉफीचा पाच किलोंचा डबा त्या रांगेत सहज बसतो. लागेल तशी आठवड्याला काढायची आणि भाजायची.

दाणा कोणता घ्यावा याचं प्रकरण सर्वात मोठं झालं आहे आणि ते तसंच ठेवलं आहे. थोडक्यात : अरेबिका नाजूक आणि सुगंधी, रोबस्टा दणकट, कडवट आणि कॅफिननं जवळजवळ दुप्पट. दुधाची सवय असलेल्या घरानं अरेबिकात थोडा रोबस्टा मिसळायला लाजू नये. धुतलेल्या अरेबिकाला व्यापारात 'प्लांटेशन' म्हणतात, फळासकट वाळवलेल्या कॉफीला 'चेरी'. कढईवाल्यासाठी माझी शिफारस पीबेरीची. फळात दोन चपट्या दाण्यांऐवजी कधी एकच गोल दाणा धरतो, तो पीबेरी. तो कढईत गडगडतो, चपट्यासारखा एका बाजूवर पडून राहत नाही, म्हणून सारखा भाजला जातो. २०१९ मध्ये पाच भारतीय कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं : कुर्गची, चिकमगळूरची आणि बाबाबुदनगिरीची अरेबिका, वायनाडची रोबस्टा, आणि आंध्रात अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची अरेबिका. नवशिक्यानं यातली एखादी घेऊन सुरुवात करावी, पण एकच घ्यावी आणि सहा-सात घाणे तीच भाजावी. दरवेळी नवा दाणा घेतला तर फरक दाण्याचा की हाताचा, हे कधीच कळत नाही.

आणि आपल्या विदर्भाचा दाणा? महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघालं की बोट चिखलदऱ्याकडे जातं. मेळघाटात, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास, इंग्रजांच्या काळात तिथं कॉफी लागली आणि ती झाडं पुढे टिकली. माल थोडा आहे, बाजारपेठेत त्याची गणती नाही, आणि कर्नाटकाच्या मळ्यांशी त्याची बरोबरी लावू नये. पण आमच्याकडून अमरावती-परतवाड्याच्या वाटेनं एका दिवसात गाठता येईल अशा डोंगरावर कॉफीचं झाड पांढरं फुलतं आणि लाल फळतं, हे वऱ्हाडातल्या किती जणांनी पाहिलं आहे? आपण तिथं पॉइंट पाहायला जातो, भीमकुंडात डोकावतो, थंडी वाजते म्हणून चहा पितो आणि परततो. या पुस्तिकेमुळे चिखलदऱ्याला जाणाऱ्या दहा माणसांनी जरी 'पूड नको, कच्चे दाणे आहेत का?' असं विचारलं, तरी विकणाऱ्याला एक नवं गिऱ्हाईक कळेल. मागणी असली की माल निवडून, वाळवून, नीट ठेवला जातो. कपाशीच्या प्रतवारीत आपण हे पाहिलेलं आहे.

या छंदानं पैसे वाचतात का, असंही विचारलं जाईल. भाजलेल्या चांगल्या कॉफीच्या तुलनेत थोडे वाचतात. इन्स्टंटच्या तुलनेत नाही. धूर होतो, कढई काळी पडते आणि ती कढई पुन्हा पिठल्याला वापरायला घरात विरोध होतो, म्हणून एक वेगळी ठेवावी. पोटात जळजळ होणाऱ्यांनी फिकट भाजणीच्या नादी लागू नये. मधुमेहींना सांगायचं तर चांगली भाजलेली कॉफी बिनसाखरेची पिता येते, पण आठवडाभर तोंड वाकडं करायची तयारी हवी. कॅफिन भाजण्यानं फारसं कमी-जास्त होत नाही, तेव्हा 'काळी म्हणजे कडक' या समजुतीवर रात्री नऊनंतर फिकट भाजलेली पिऊन झोपेची वाट पाहत बसू नये.

पुस्तिकेतल्या वेळा आणि मापं आमच्या कढईची, आमच्या शेगडीची आहेत. तुमच्या घरी पहिली तडतड दोन मिनिटं आधी किंवा नंतर येईल. तेव्हा घड्याळ बाजूला ठेवून कान द्या. पहिल्या खेपेला शंभर ग्रॅम घ्या, खिडकी उघडी ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आणि घाणा झाला की वहीत तीनच गोष्टी लिहा : दाणा कोणता, पहिली तडतड कितव्या मिनिटाला, उतरवली कितव्या मिनिटाला. चव चौथ्या दिवशी लिहायची आहे, त्यासाठी खाली एक ओळ रिकामी सोडा.